जरा उलटं करून दाखव बघू

आमच्या सोसायटीत दर शनिवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये भरतकामवाल्या बायका जमतात. क्लास नाही, फी नाही, जिला जे येतं ते तिने बाकीच्यांना दाखवायचं. ऐकायला किती गोड ना? प्रत्यक्षात तिथे सगळ्या शिकवणाऱ्या आणि शिकणारी मी एकटी, त्यामुळे माझं काय होत असेल ते बघा.

मी लडीतून दोरा कापते न कापते तोच पहिल्या मजल्यावरच्या आजी, "एवढा लांब? बोटापासून कोपरापर्यंत पुरे, लांब दोरा आळशी पोरींचा!" बरं, कापला. आता दोऱ्याच्या सहा पदरांतले दोन हवेत म्हणून दोन्ही एकदम ओढले तर शेजारच्या काकूंनी हात धरला, "एकेक सोडव, मग दोन्ही जुळव, गुंता होत नाही." हे मात्र खरंय हां, करून बघा. मग ओवायची वेळ आली की दोऱ्याला थुंकी लावायची का नाही यावर दोन तट पडतात, आणि तिसरी कोणीतरी शांतपणे सांगते की दोरा नाही, सुईचं नेढं ओलं करायचं असतं. तोपर्यंत चहा येतो. एकही टाका पडलेला नसतो.

पण खरा छळ गाठीचा. "गाठ मारलीस??" हा प्रश्न तिथे अशा आवाजात विचारतात की आपण एकदम गुन्हेगारच. दोन-तीन बारीक टाके घालून दोरा अडकवायचा म्हणे, आणि संपताना मागच्या टाक्यांखालून फिरवून कापायचा. का, तर मागची बाजू स्वच्छ दिसली पाहिजे. अहो पण मागची बाजू बघतंय कोण? तर ह्याच सगळ्या बघतात. तुम्ही मोराची मान साखळी टाक्यात काढा, पिसाऱ्यात काश्मिरी टाका भरा, जीव ओता, कोणी सुलट्याकडे ढुंकून बघत नाही. रिंग हातात आली की पहिल्यांदा पालथी. "हं." एवढंच. त्या "हं"मध्ये माझं माहेर, माझी शाळा, शिवणाच्या बाई सगळे येऊन जातात.

अशात धारवाडकडच्या एक वहिनी नवीन राहायला आल्या आणि त्यांनी कर्नाटकी कशिदा दाखवायला घेतला. आपल्याकडे इरकलीवर बघितलेला असतो आपण, गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती वगैरे. त्यात छापा नाही, कार्बन नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका, नेगी विणल्यासारखी दिसते, मुर्गी पायऱ्यापायऱ्यांची. आणि गवंतीत जाताना धावदोरा घालत जायचं, येताना राहिलेल्या जागा भरत यायचं, म्हणजे दोन्हीकडून नक्षी अगदी सेम! फक्त गोपुरात बाजूला फुटणाऱ्या प्रत्येक रेघेवर जाऊन परत मूळ रेषेवर यायचं असतं, रस्ता आधी डोक्यात पक्का नसेल तर कळसावर पोचून सुई हातात घेऊन बसा, खाली यायला वाटच नाही. मी पुष्कळ वेळ अशी कळसावर बसलेली असते, आणि खालून दहा जणी दहा वाटा सांगत असतात. एक जण तर म्हणाली मोबाईलवर व्हिडिओ बघ, त्यातली बाई एवढ्या फास्ट काढते की माझी सुई ओवून होईपर्यंत तिचा साडीचा पदर भरून संपतो.

वहिनींचा स्वतःचा नमुना फिरत फिरत आजींकडे गेला, काळ्या कापडावर लाल-पिवळं-हिरवं, गवंतीतलं वृंदावन. आजींनी सवयीने पालथं केलं. परत सुलटं केलं. परत पालथं. चष्मा वर केला. उजेडाकडे धरलं. आम्ही सगळ्या श्वास रोखून, कारण हे पहिल्यांदाच घडत होतं की आजींना बघायला उलटी बाजूच नव्हती.

"लाल जरा भडक झालाय, नाही?"

बस, लगेच सगळ्या लालवर तुटून पडल्या. लाल दोरा धुण्यात रंग सोडतो म्हणून आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, नाही गं त्याने काही होत नाही, कडेच्या तुकड्यावर ओलं करून बघायचं आधी, आणि माझ्या नणंदेच्या पांढऱ्या ब्लाउजपीसचं काय झालं माहितीय का... मी तेवढ्यात पटकन एक गाठ मारून घेतली.