फायकस इन्सिपिडाला ‘पोशिंदा’ का म्हटले: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. वर्षावनातील अंजीरवर्गीय झाडे दुसऱ्या झाडांचा गळा आवळणारी परोपजीवी असतात, त्यामुळे अशा झाडाला ‘जंगलाचा पोशिंदा’ म्हणणे भाबडेपणाचे आहे, असा आपला आक्षेप आहे. तो मला पटलेला नाही.

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारे फायकस इन्सिपिडा हे अंजीरवर्गीय झाड दुसऱ्या झाडाला वेटाळून वाढतच नाही. त्याचे बी नदीकाठच्या गाळात किंवा एखादे झाड कोसळून उजेड झालेल्या जागी, थेट जमिनीत रुजते. दाट सावलीत त्याचे रोप तग धरत नाही. वेटाळणाऱ्या जाती निराळ्या, आणि त्यांनाही परोपजीवी म्हणणे बरोबर नाही. बांडगुळाप्रमाणे त्या यजमानाचा रस शोषत नाहीत. त्याचा उजेड आणि खोडाला वाढायची जागा तेवढी हिरावून घेतात. (यजमानाच्या दृष्टीने हा फरक फारसा दिलासादायक नसेल, हे मान्य.)

‘पोशिंदा’ या शब्दामागचे कारण परागीभवनात आहे. टेट्रापस प्रजातीची इवलीशी गांधीलमाशी कोवळ्या फळाच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांच्या फटीतून आत घुसते, अंगाला चिकटून आलेले पराग आतल्या फुलांवर सांडते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हाती फार थोडे आयुष्य असते, आणि तेवढ्यात त्यांना कोवळी फळे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. म्हणून एका झाडाची फळे साधारण एकाच वेळी पिकली, तरी जंगलातील सगळी झाडे एकाच हंगामात फळून चालत नाही. इतर फळांचा दुष्काळ असतानाही कुठेतरी एखादे फायकस लगडलेले असते, ते यामुळे.

हे प्रत्येक वर्षावनाला लागू पडते असा माझा दावा नाही. गॅबोनमधील 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंजीरवर्गीय झाडे फारच विरळ आढळली आणि प्राण्यांची मुख्य भिस्त इतर फळांवर होती. पनामातील बारो कोलोराडो बेटावर मात्र जमैकन फळवाघळाचा आहार प्रामुख्याने अंजिरांचाच असतो. इन्सिपिडाची फळे पिकल्यावरही हिरवीच राहतात. वाघूळ ती वासावरून हुडकते, तोडून दूर नेते, चोथा थुंकते आणि बिया विष्ठेतून पसरवते. कोस्टा रिकात तर पाण्यात पडलेली फळे ब्रायकॉन मासे गिळतात. ते प्रवाहाविरुद्धही पोहत असल्यामुळे नुसत्या पाण्याने खालीच वाहून गेल्या असत्या अशा बिया नदीच्या वरच्या अंगालाही पोहोचतात.