कॉन्स्टँटिनोपल पडलं, पण मिऱ्याची वाट बंद झाली नव्हती

‘२९ मे १४५३ रोजी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, भारताकडे येणारा खुश्कीचा मार्ग बंद झाला, मसाले महागले, म्हणून युरोपीयांना सागरी मार्ग शोधावा लागला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सॲपवरच्या दिनविशेषांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, तेव्हाची बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. दोन्ही टोकांच्या तारखा बरोबर आहेत. मधली साखळी मात्र एकेक कडी तपासली की तुटते.

‘मसाले कॉन्स्टँटिनोपलवरून जायचे.’ मुख्य वाट ती नव्हतीच. मलबारची मिरी अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरायची, जेद्दाला उतरायची आणि तिथून कैरोमार्गे अलेक्झांड्रियाला किंवा उंटांच्या तांड्यांबरोबर दमास्कस, बैरूतला जायची. अलेक्झांड्रिया आणि बैरूत या दोन बंदरांत इटलीतल्या व्हेनिसची व्यापारी जहाजं ठरलेल्या मोसमात येऊन माल उचलायची. हा सगळा टापू कैरोच्या ममलुक सुलतानांचा. ऑटोमन तुर्कांनी सीरिया घेतला १५१६ मध्ये आणि कैरो १५१७ मध्ये, म्हणजे गामा कालिकतला येऊन गेल्यावर १९ वर्षांनी. दुसऱ्याच्या राज्यातली वाट ऑटोमन सुलतान मेहमद १४५३ मध्ये बंद करणार तरी कशी?

मध्य आशियातून काळ्या समुद्राकडे येणारा रस्ता होता, हे खरं. पण त्याला सुरक्षित ठेवणारी मंगोल सत्ता इराणात १३३५ नंतर आणि चीनमध्ये १३६८ मध्ये मोडली, तेव्हापासूनच तो आक्रसत गेला. खुद्द कॉन्स्टँटिनोपलची वस्ती उरली होती जेमतेम ५० हजार. चौदाव्या शतकाच्या मध्यालाच समोरच्या काठावरच्या गलाता या जिनोआवाल्यांच्या (इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांच्या) वसाहतीत जकातीचे वर्षाला २ लाख सोन्याचे होन जमत आणि बायझंटाइन सम्राटाच्या हाती ३० हजार.

‘तुर्कांनी व्यापार बंद केला.’ शहर पडल्यावर काही दिवसांतच मेहमदाने गलाताच्या जिनोआवाल्यांना फर्मान दिलं: मालमत्ता तुमची, व्यापार मोकळा, चर्च राहतील पण घंटा वाजवायच्या नाहीत. १८ एप्रिल १४५४ रोजी व्हेनिसशी तह झाला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांवर २ टक्के जकात बसली आणि शहरात त्यांचा प्रतिनिधी राहू लागला. पुढे १४६३ ते १४७९ दोघांत युद्ध पेटलं, तेही शेवटी वर्षाला १० हजार डुकाट (व्हेनिसची सोन्याची नाणी) भरून व्यापार करण्याच्या अटीवर मिटलं. तुर्कांना महसूल हवा होता, आणि व्यापार बंद पाडून जकात मिळत नाही.

वाट उघडी होती याचा सर्वांत नेमका पुरावा पोर्तुगालच्याच राजाने ठेवलाय. १४८७ मध्ये दुसऱ्या जुआंवने पेरू द कोविल्यां याला हेर म्हणून पूर्वेकडे धाडलं. त्याने आणि त्याच्या साथीदाराने ऱ्होड्सला मध खरेदी केला आणि मधाचे व्यापारी बनून अलेक्झांड्रिया गाठली. तिथे दोघेही तापाने फणफणले. हे मरणारच असं समजून तिथल्या अधिकाऱ्याने मध जप्त केला. ते बरे झाल्यावर त्याला पैसे मोजावे लागले. मग कैरो, एडन आणि तिथून कोविल्यां कन्नूर, कालिकत, गोव्यापर्यंत आला. त्याच्याआधी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझवरून चौलला उतरला, जुन्नर, बीदर बघून दाभोळवरून परत निघाला. परतीची त्याची वाट काळ्या समुद्राकाठच्या त्राबझोनमधून, म्हणजे ऑटोमनांच्याच मुलखातून गेली. तिथे त्याची झडती झाली, सामानही गेलं, पण तो पार झाला.

‘मसाले महागले.’ व्हेनिसमधला मिऱ्याचा भाव पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात शतकाच्या सुरुवातीपेक्षा खालीच होता. मोठी उसळी आली १४९९ नंतर, व्हेनिस आणि तुर्कांच्या नव्या युद्धात. मक्तेदारीचं जे ओझं व्यापाऱ्यांना खरोखर टोचलं, ते कैरोच्या सुलतान बार्सबायने लादलं होतं, आणि तो १४३८ मध्येच वारला.

‘म्हणून पोर्तुगीज निघाले.’ ते आधीच निघालेले होते. उत्तर आफ्रिकेतलं सेउता बंदर घेतलं १४१५ मध्ये, त्यांचा दर्यावर्दी जील इयानिश पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडून गेला १४३४ मध्ये, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा मोठा बाजार पोर्तुगालच्या लागोश बंदरात भरला १४४४ मध्ये. तेव्हा डोळ्यांपुढे होतं पश्चिम आफ्रिकेचं सोनं, गुलाम आणि मुसलमानांविरुद्धचं धर्मयुद्ध. भारत गाठण्याचा पक्का बेत आखला गेला तो १४८०च्या दशकात, याच जुआंवच्या काळात. वाट बंद होती म्हणून नव्हे, तर त्या वाटेवर कैरो आणि व्हेनिस या दोघांचा नफा मोजावा लागे म्हणून.

‘ग्रीक पंडित पळाले आणि प्रबोधन सुरू झालं’ हेही याच तारखेला चिकटवतात. बायझंटाइन पंडित मानुएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला १३९७ मध्ये. तिथल्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला होता. दोन्ही १४५३च्या आधीचं.

मग १४५३ने काही बदललंच नाही का? बदललं, पण काळ्या समुद्रात आणि तुरटीच्या व्यापारात. शहर पडण्याआधीच, १४५२ मध्ये, मेहमदाने काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावर रुमेली हिसार किल्ला बांधला आणि न थांबता जाणारं व्हेनिसचं जहाज नोव्हेंबरात तोफेने बुडवलं. कप्तान रिझो याला सुळावर चढवलं. १४५५ मध्ये एजियन समुद्राकाठच्या फोकायाच्या तुरटीच्या खाणी तुर्कांकडे गेल्या आणि १४७५ मध्ये काळ्या समुद्रावरचं जिनोआचं काफ्फा बंदर. लोकरीवर रंग पक्का बसायला तुरटी लागते, त्यामुळे इटलीचे कापडवाले खरोखर अडचणीत आले. पोपच्या मुलखात तोल्फाला नवी तुरटी सापडली तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. अडली ती तुरटी, मिरी नव्हे.

मिऱ्याची वाट बंद करण्याचा पद्धतशीर प्रयत्नही झाला, पण तो पोर्तुगीजांनी केला. १४५३च्याच सुमारास जन्मलेल्या आफोंसो द आल्बुकर्कने १५०७ मध्ये अरबी समुद्रातलं सोकोत्रा बेट घेतलं, १५१० मध्ये गोवा, १५१५ मध्ये होर्मुझ. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडनवर मात्र १५१३ मध्ये त्याचा हल्ला फसला. सोळाव्या शतकाच्या मध्याला मिरी पुन्हा भरपूर प्रमाणात अलेक्झांड्रियाला पोचत होती, आणि तेव्हा तिथे राज्य होतं ऑटोमन तुर्कांचं.