ठाणे खाडीत ‘काचेचं झाड’ सापडलेलं नाही

ऐरोली-वाशीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: पांढरीशुभ्र जाळीदार नळी, आत दोन कोळंब्या, आणि खाली ‘ठाणे खाडीत सापडलेली दुर्मीळ काचेची मांसाहारी वनस्पती’. फोटो खरा आहे. मजकूर साफ चुकीचा.

ही वनस्पतीच नाही, प्राणी आहे: युप्लेक्टेला अ‍ॅस्परजिलम हा काचस्पंज. रिचर्ड ओवेन यांनी 1841 साली त्याचं वर्णन केलं. तो सापडतो पश्चिम प्रशांत महासागरात, फिलिपिन्सच्या आसपास, खोल समुद्रात. आपली खाडी पडली उथळ आणि गढूळ; ओहोटीला फ्लेमिंगो तिच्या चिखलात चालत फिरतात!

‘काच’ तेवढी खरी. सांगाडा सिलिकाच्या (काच ज्यापासून बनते त्या पदार्थाच्या) कंटिकांचा, म्हणजे सुईसारख्या बारीक तुकड्यांचा, असतो आणि मूळ कंटिकेला सहा काटे, एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन अक्षांवर. याच खुणेवरून पोरिफेरा या स्पंजांच्या संघात काचस्पंजांचा हेक्झॅक्टिनेलिडा हा स्वतंत्र वर्ग केलाय. आंघोळीचा स्पंज डेमोस्पंजिया वर्गातला, त्यात कंटिका नसतातच. खरी गंमत मात्र ऊतींची. बहुतेक शरीर म्हणजे एकच सलग पटल, त्यात असंख्य केंद्रकं, मधे पेशी वेगळ्या करणारी आडकाठी नाही. मज्जातंतू नसूनही काही जातींत या पटलातून विद्युतसंदेश धावतो आणि अख्खा स्पंज पाणी ओढायचं थांबवतो.

राहिल्या कोळंब्या. स्पंज त्यांना खात नाही. त्याचं अन्न पाण्यातले जीवाणू आणि बारीक कण. नर-मादी लहानपणी जाळीतून आत शिरतात, मोठी झाली की बाहेर पडता येत नाही, मग तिथेच संसार करतात.