आलेख उसळला म्हणजे चुंबकत्व हादरलं?

मोठा भूकंप झाला की एक फॉरवर्ड हमखास येतो: 'भूकंपात चुंबकीय वेधशाळांचे आलेख उसळतात, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच हादरतं. कॅलिफोर्नियात तर हा इशारा आधीच मिळाला होता. फोनमधलं होकायंत्र चालू ठेवा, तुम्हालाही कळेल.'

आलेख उसळतात, हे खरं. पण जुन्या मॅग्नेटोमीटरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रात, चुंबक धाग्याला टांगलेला असे. जमीन हलली की तो झुलणारच. आजच्या फ्लक्सगेट प्रकारच्या मॅग्नेटोमीटरमध्ये तसा चुंबक नसतो, मात्र तो क्षेत्राचा ठरावीक दिशेतला घटक मोजतो. ४०,००० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात यंत्र अंशाच्या साठाव्या भागाइतकं जरी कललं, तरी आकडा १२ नॅनोटेस्लापर्यंत सरकू शकतो. क्षेत्र होतं तिथेच असतं.

खात्री करायची तर शेजारच्या प्रोटॉन मॅग्नेटोमीटरची नोंद बघावी. तो क्षेत्राची एकूण तीव्रता मोजतो, त्यामुळे जरासं कलल्याने त्याला फरक पडत नाही. वेळही बोलकी असते. समजा भूकंप भुजला झाला; चुंबकीय वेधशाळा असलेलं अलिबाग तिथून साधारण ६०० किलोमीटर. सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाच्या भूपृष्ठलहरी तिथे यायला जवळजवळ तीन मिनिटं घेतात; चुंबकीय बदलाला एवढा उशीर लागायचं कारणच नाही. आलेख लहरींसोबतच थरथरला, तर यंत्राला धक्का बसला, एवढंच समजायचं.

कॅलिफोर्नियाचा दाखला १७ ऑक्टोबर १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपाचा (६.९). केंद्रापासून ७ किलोमीटरवरच्या कोरालिटोसच्या यंत्राने आधीचे काही दिवस वाढलेला चुंबकीय गोंगाट टिपला होता. फॉरवर्ड इथेच थांबतो. २००९मध्ये दोन स्वतंत्र फेरतपासण्या झाल्या: एकीने तो गोंगाट नैसर्गिक चुंबकीय हालचालींचा ठरवला, दुसरीने यंत्रातल्या बिघाडाचा. त्याआधी २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पार्कफील्डला यंत्रं दबा धरून बसलेली असताना ६.०चा भूकंप आला. पूर्वसूचना शून्य. भूकंप होताना मात्र खडकांवरचा ताण बदलल्याने क्षेत्रात खरा फरक पडला, सुमारे ०.३ नॅनोटेस्लाचा. म्हणजे परिणाम अजिबात नसतो असं नाही. तो असा नखाएवढा असतो.

आणि फोन? विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून मुंबईतल्या कुलाब्याचं चुंबकीय मापन १९०४ साली अलिबागला न्यावं लागलं. तुमच्या फोनच्या तर स्पीकरमध्येच चुंबक बसलाय! अँड्रॉइडवर भूकंपाचा इशारा येतो तो हालचाल टिपणाऱ्या अॅक्सेलरोमीटरच्या जोरावर, तोही कुठेतरी जमीन हलायला लागल्यानंतर.