पहिल्या दिवशी हातात ड्रायव्हर देऊ नका

गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, "तुम्ही या खेळात आलात कसे?" उत्तरात आधी एक माणूस येतं. वडील, आजोबा, मोठी बहीण, ऑफिसातले साहेब, शेजारचे काका. फुटबॉल किंवा बॅडमिंटनचं तसं नसतं. ते खेळ लहानपणी कुठेतरी आपसूक भेटतात आणि कुणी शिकवलं ते आठवतही नाही. गोल्फ असा वाटेत भेटत नाही. कुणीतरी आपल्याला सोबत न्यावं लागतं, हातात क्लब, म्हणजे खेळायची काठी, द्यावा लागतो, बोटं कुठे ठेवायची ते दाखवावं लागतं. म्हणून त्या नेणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी असते, असं माझं ठाम मत आहे. आज त्यावरच लिहितेय. पोस्ट मोठी झाली आहे, सवडीने वाचा.

मला हा खेळ दोनदा दाखवला गेला. मधे चार वर्षं गेली.

पहिल्यांदा ऑफिसमधला एक सहकारी मला ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटके मारायच्या सरावाच्या जागी, घेऊन गेला. मनाने चांगला माणूस, हौसेने नेलं होतं. पोचल्या पोचल्या त्याने बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, म्हणजे ड्रायव्हर, काढला आणि म्हणाला, "मार जोरात, मजा येते." पहिला फटका हवेत गेला. दुसरा चेंडूच्या मागे जमिनीत बसला आणि दोन्ही मनगटं झणझणली. तिसऱ्याला चेंडू टीवरून, म्हणजे तो ज्या खुंटीवर ठेवतात तिच्यावरून, घरंगळून पायाशी आला. तोवर शेजारच्या जागेवरचे दोन गृहस्थ मदतीला आले. एक म्हणाले डोकं खाली ठेवा, दुसरे म्हणाले डावा हात ताठ ठेवा, सहकारी म्हणाला कंबर फिरव. अर्ध्या तासात मला दहा-बारा सूचना मिळाल्या असतील आणि चेंडू एकदाही धड उडाला नाही. उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला फोड आला होता. घरी जाताना मी मनात पक्कं केलं की हा खेळ माझ्यासाठी नाही.

आता मागे वळून पाहते तेव्हा त्या दिवशीची चूक स्पष्ट दिसते. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब असतो आणि त्याचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, जेमतेम दहा अंशांच्या आसपास. क्लब जितका लांब, तितकं त्याचं तोंड नेमकं चेंडूवर आणणं अवघड. आणि तिरकेपणा जितका कमी, तितकी तोंडाची जराशी चूकसुद्धा चेंडूला जास्त वळवते. म्हणून नवख्याने ड्रायव्हरने मारलेला चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत जातो, आणि तोच माणूस वेज किंवा नऊ नंबरचं आयर्न अशा आखूड, जास्त तिरक्या क्लबने बऱ्यापैकी सरळ मारू शकतो. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात, आणि चौदातला जो सगळ्यात अवघड, तोच आपण पाहुण्याच्या हातात पहिल्यांदा देतो! पोहायला शिकणाऱ्याला आपण असं खोल पाण्यात ढकलू का?

चार वर्षांनी मामाने नेलं. मामा तेव्हा साठीच्या पुढे होता. मी आधीच सांगून टाकलं, "मामा, मला जमत नाही, मी करून बघितलंय." तो म्हणाला, "मारायचं नाहीये काही. चल."

रेंजकडे तो वळलाच नाही. पटिंग ग्रीनवर, म्हणजे होल असलेल्या बारीक कापलेल्या गवतावर, गेलो. संध्याकाळची वेळ, ग्रीनवर आम्ही दोघंच. त्याने स्वतःचा जुना पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये घरंगळवायचा क्लब, माझ्या हातात दिला. त्याच्या ग्रिपवर अंगठा ठेवायच्या जागी रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. माझा अंगठा बरोबर त्या खोलगट जागेत बसला, त्यामुळे पकड कशी हे वेगळं सांगावंच लागलं नाही. होलपासून दोन वितींवर त्याने चेंडू ठेवला.

"टाक."

टाकला. आधी पटरचा बारीक 'टक्', मग चेंडू होलमधल्या कपात पडल्याचा तो पोकळ खडखडाट. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आपण केलेली गोष्ट पुरी झाल्याचा तो आवाज असतो. मामाने चेंडू काढून दिला आणि म्हणाला, "आता एक पाऊल मागे."

तासभर इतकंच चाललं. चेंडू आत गेला की एक पाऊल मागे. सलग दोनदा चुकला की एक पाऊल पुढे. खांदा, कोपर, कंबर, कशाचंही नाव त्याने काढलं नाही. पाच-सहा पावलांवर गेल्यावर मला आपोआप कळायला लागलं की ग्रीन डावीकडे उतरतंय, म्हणून चेंडू जरा उजवीकडे सोडायला हवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मी स्वतः शोधलं होतं. त्याचा आनंद काही वेगळाच होता. शेवटी ग्रीनच्या काठाबाहेर गवतात चेंडू ठेवून त्याने आठ नंबरचं आयर्न दिलं आणि म्हणाला, "पटरसारखंच हलव." चेंडू टुणकन उडाला, ग्रीनवर टेकला आणि घरंगळत होलजवळ जाऊन थांबला. मी अक्षरशः ओरडले.

ड्रायव्हर माझ्या हातात आला त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. तोवर मी या खेळात रुजले होते.

मामाची ही पद्धत त्याची एकट्याची नव्हती, हे मला पुढे वाचताना कळलं. अमेरिकेतले हार्वी पेनिक हे नावाजलेले शिक्षक. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे मोठे खेळाडू त्यांच्या हाताखाली घडले. त्यांचं म्हणणं असंच होतं की गोल्फ होलपासून सुरू करून मागे मागे टीपर्यंत, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपर्यंत, शिकावा. टायगर वुड्सच्या वडिलांनी, अर्ल वुड्स यांनीही मुलाला ग्रीनपासूनच मागे मागे शिकवत नेलं. १९७८ साली दोन वर्षांचा टायगर टीव्हीच्या कार्यक्रमात पटिंग करताना दिसला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला मात्र त्या कथेतली वेगळी गोष्ट जास्त मोलाची वाटते. अर्ल स्वतः गोल्फला लागले ते चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे एक माणूस चाळिशीनंतर या खेळात पडला, घरच्या गॅरेजमध्ये जाळीत चेंडू मारत बसला आणि उंच खुर्चीत बसवलेलं त्याचं तान्हं मूल ते टक लावून बघत राहिलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

पहिल्यांदा जे डोळ्यांना दिसतं ते अंगात किती मुरतं, याचं अमेरिकन गोल्फर फिल मिकलसनइतकं बोलकं उदाहरण नाही. तो इतर सगळ्या बाबतीत उजव्या हाताचा. पण बाळ असताना वडिलांच्या समोर उभा राहून तो त्यांचा स्विंग बघायचा आणि आरशात दिसावं तसा त्यांची नक्कल करायचा. वडील उजव्या हाताने खेळणारे, म्हणून मुलगा डावखुरा झाला. त्याच डाव्या स्विंगने त्याने सहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. पहिल्या दिवशी माणूस कुठे उभं राहतं आणि काय बघतं, एवढ्यावर आयुष्यभराचा खेळ ठरू शकतो. मग तो पहिला दिवस आपण इतक्या सहज कसा काय उधळतो?

आकड्यांतच बघा. पार ७२ चा, म्हणजे चांगल्या खेळाडूने ७२ फटक्यांत पुरा करावा असा, अठरा होलांचा कोर्स घ्या. पार मोजताना प्रत्येक ग्रीनवर पटरचे दोन फटके, म्हणजे दोन 'पट', धरलेले असतात. म्हणजे ३६, बरोबर निम्मे फटके. निम्मा खेळ ग्रीनवर आहे आणि त्या निम्म्या खेळाला ताकद लागत नाही, उंची लागत नाही, तरुण सांधे लागत नाहीत. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ साली ठरलं, ते आजही तेच आहे. चेंडू साधारण ४३ मिलिमीटरचा. आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा पहिल्याच दिवशी बरोबरीने खेळू शकतील असं दुसरं काय आहे या खेळात?

बायकांच्या बाबतीत हा इतिहास जरा खुपतो, पण सांगते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज इथे १८६७ साली बायकांचा पटिंग क्लब सुरू झाला. त्या काळी बाईने काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं शोभत नाही असं मानलं जाई, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग आलं. त्यांच्या उंचसखल ग्रीनला नाव पडलं 'हिमालयाज'. अन्यायातूनच आलेली गोष्ट, यात शंका नाही. पण त्या बायका तिथे थांबल्या, त्यांनी खेळ धरून ठेवला, क्लब आजही चालू आहे आणि ते हिरवं 'हिमालय' आज कुणालाही खेळायला खुलं आहे. बंधन म्हणून मिळालेली जागा किती जणांसाठी प्रवेशद्वार ठरली असेल!

आता माझ्या विरुद्ध बाजूचंही प्रामाणिकपणे मांडते, कारण ते खरं आहे. जॅक निकलॉस दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांच्या घोट्याला दुखापत झाली होती, त्यांना चालायला सांगितलं होतं, म्हणून ते गोल्फ कोर्सवर परतले आणि मुलगा सोबत जायला लागला. तिथल्या जॅक ग्राउट या प्रशिक्षकांनी त्याला सांगितलं, आधी जोरात मारायला शीक, नेम नंतर बघू. अर्नॉल्ड पामरचे वडील कोर्सची निगा राखायचे. त्यांनी लहानग्या अर्नॉल्डची पकड नीट बसवली आणि त्यालाही जोरात मारायला सांगितलं. दोघंही खेळाच्या शिखरावर पोचले. तेव्हा जोर आधी ही वाट चुकीची, असं मी म्हणणार नाही.

पण ती पोरं होती. लवचीक अंगाची, रोज कोर्सवर असणारी, शंभर फटके वाया गेले तरी हसत एकशे एकावा मारणारी. आपण रविवारी ज्यांना घेऊन जातो ती बहुतेक मोठी माणसं असतात. त्यांना फटका चुकण्यापेक्षा चार लोकांसमोर फटका चुकण्याची धास्ती जास्त असते. मोठ्या माणसाला हसं झालेलं सहन होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी जमलं पाहिजे. काहीही. दोन वितींवरचा पट का असेना.

आणि मोठेपणी सुरू केलं म्हणून काय बिघडतं? लॅरी नेल्सनने व्हिएतनामहून परतल्यावर, विशी ओलांडल्यावर क्लब हातात धरला आणि तीन मेजर जिंकल्या. दक्षिण कोरियाचा यांग योंग-उन एकोणीस वर्षांचा असताना या खेळात आला आणि २००९ साली शेवटच्या दिवशी टायगर वुड्सला मागे टाकून पीजीए चॅम्पियनशिप घेऊन गेला. "आता या वयात काय" असं कुणी म्हटलं की मी ही दोन नावं सांगते.

एक वाट मात्र हल्ली अरुंद होत चालली आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅडीची, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून सोबत चालणाऱ्याची वाट. पुढे दिग्गज ठरलेले बेन होगन आणि बायरन नेल्सन हे दोघंही टेक्सासमधल्या एकाच क्लबात कॅडी होते. फ्रान्सिस विमेट कोर्सच्या समोरच राहायचा, शाळेत जाता-येता कोर्स ओलांडताना हरवलेले चेंडू सापडायचे, ते जमवत गेला, कॅडी झाला, आणि १९१३ साली विसाव्या वर्षी यूएस ओपन जिंकला. त्या दिवशी त्याची बॅग उचलली होती एडी लोअरी या दहा वर्षांच्या मुलाने! स्पेनच्या सेव्हे बायेस्तेरोसकडे लहानपणी एकच क्लब होता, तीन नंबरचं आयर्न. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत त्या एकाच क्लबने तो उंच, बुटके, वळणारे, सगळे फटके शिकला. ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन आईची बॅग उचलायला गेला आणि तिथून खेळाडू झाला. आपल्याकडचा एसएसपी चौरसिया कोर्सची निगा राखणाऱ्याचा मुलगा. या सगळ्यांना कुणी समोर बसवून धडा दिला नव्हता. ते आधी चालले, बघितलं, बॅगेचं ओझं उचललं, कुठला फटका कधी मारायचा ते पाहून पाहून ओळखायला लागले. आता गाडीत बसून कोर्स फिरतात, बॅगही गाडीलाच बांधलेली. तिथे मुलाने चालायचं कुणासोबत?

म्हणून जे खेळतात त्यांना हात जोडून सांगणं आहे. कुणाला पहिल्यांदा नेणार असाल तर त्या दिवशी स्वतः खेळू नका. एक पटर आणि दोन चेंडू घ्या, पटिंग ग्रीनवर जा. सूचना द्यायची हुक्की येईल, गप्प बसा. विचारलं तरच सांगा, आणि एका वेळी एकच. शेजारचा सल्ला द्यायला आला तर त्याला नम्रपणे थांबवा. नंतर होलभर सोबत चालू द्या, झेंडा धरू द्या, बंकरची, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याची, वाळू सारखी करू द्या. आणि तो कंटाळायच्या आत परत फिरा. "अजून थोडं थांबूया ना" असं त्याने म्हणावं आणि आपण निघावं, याहून चांगला पहिला दिवस नाही.

मामाचे गुडघे आता चालू देत नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा तोही आला आणि पटिंग ग्रीनच्या कडेला बाकावर बसला. पटर तोच, फक्त तिच्यासाठी खूप लांब, म्हणून तिने तो ग्रिपच्या खाली नुसत्या दांड्याला धरला होता. मी दोन वितींवर चेंडू ठेवला. आत गेला. तो खडखडाट ऐकून तिने वाकून होलमध्ये डोकावून बघितलं, चेंडू खरंच तिथे आहे का म्हणून. मी चेंडू काढून पुन्हा त्याच जागी ठेवायला गेले.

बाकावरून आवाज आला, "अगं, एक पाऊल मागे."