शेट आणि सेट

आमच्या शेटला इंग्रजी येत नाही आणि मला येतं असा त्यांचा समज आहे, ह्या दोन खांबांवर माझी नोकरी उभी आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आमचा, म्हणजे शेटचा. पूर्वी तीन भावांचा होता, मग वाटण्या झाल्या, शेडच्या मधोमध भिंत आली, दोन भाऊ भिंतीपलीकडं आणि आमचे शेट अलीकडं, आणि मधल्या बोळाची केस कोर्टात. मी अकाउंटला. बीकॉम, टॅली, जीएसटी, पगारपत्रक, आणि शेटच्या घरचं लाईटबिल. एक्स्पोर्टचे मेल बघायला एक पोरगा होता तो पुण्याला गेला (सोलापूरची पोरं शेवटी पुण्यालाच जातात, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस त्यासाठीच सोडली असावी) आणि शेट मला म्हणले, "आता मेल तूच बघ बे. तुझी पोरगी इंग्लिश मिडियमला आहे की."

पोरगी चौथीत आहे. पण नाही कसं म्हणणार, मे महिना, बाहेर ४३ डिग्री, आणि मेलचा कॉम्प्युटर एसी केबिनमध्ये.

आता आमची खरेदीदार म्हणजे इंग्लंडातली एक बाई. एकदम सभ्य. चार ओळी लिहिणार, त्यात दोनदा प्लीज, एकदा थँक्स. तिला फक्त एक खोड आहे, ती म्हणजे सेट. आपल्याकडं कसं काहींना प्रत्येक वाक्यात "म्हणजे काये" लागतं तसं तिला सेट लागतो. पहिल्याच मेलमध्ये तिनं लिहिलं, द नेव्ही बॉर्डर सेट्स ऑफ द व्हाईट ब्यूटिफुली.

मी अकाउंटचा माणूस. सेटऑफ म्हणलं की माझ्यासमोर एकच चित्र येतं. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवायचं, मग बाकीचं, सीजीएसटीचं एसजीएसटीला चालत नाही, एसजीएसटीचं सीजीएसटीला चालत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. सेटऑफ म्हणजे ह्याचे पैसे त्यातून वळते करणे. विषय संपला.

"शेट, बाई सेटऑफ करायलीय."

"म्हणजे?"

"नेव्ही बॉर्डरचे काहीतरी पैसे व्हाईटच्या बिलातून कापून घ्यायलीय."

"आणि ते ब्यूटिफुली काय हाय? म्हणजे सुंदर ना?"

"हो. सुंदरपणे कापून घ्यायलीय."

शेटनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला. रागावले की ते असं करतात. मग त्यांच्या समोर बसूनच मी उत्तर टाईप केलं, वी डू नॉट ॲग्री फॉर एनी सेट ऑफ, काइंडली पे फुल, आणि फुल कॅपिटलमध्ये. दुसऱ्या दिवशी बाईचा मेल, की मी तर फक्त टॉवेल छान दिसतो असं म्हणले होते. तेव्हा डिक्शनरी उघडली. सेट ऑफ, म्हणजे उठून दिसणे. निळ्या किनारीनं पांढरा रंग उठून दिसतोय म्हणत होती बिचारी. खाली आणखी अर्थ होते, प्रवासाला निघणे, फटाके उडवणे, अलार्म वाजायला लावणे. आणि माझा वळते करणे पण होता हो, मी काही मनानं नव्हतं सांगितलं. पण रांगेत तो बराच मागं उभा होता.

शेट एवढंच म्हणले, "पोरीला विचारत जा बे आधी."

महिनाभर बरं गेलं. मग मेल आला, वी हॅव सेट असाइड द फर्स्ट लॉट. ह्यावेळी मी काही बोलायच्या आधीच शेट खुर्चीतून उठले. कारण हा शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. बोळाच्या केसमध्ये खालच्या कोर्टात शेट जिंकले होते, पेढे वाटले होते, मग वरच्या कोर्टात भाऊ गेले आणि वकिलांनी फोन करून सांगितलं की ऑर्डर सेट असाइड झाली. शेटनी विचारलं, बाजूला ठेवली म्हणजे नंतर परत काढणार का? वकील म्हणले, नाही, रद्द झाली. त्या दिवसापासून शेटला सेट असाइड म्हणलं की घाम फुटतो.

"अख्खा लॉट रद्द केला का बे बाईनं?"

मला पण तसंच वाटलं. न्हावाशेवाला पोचून बोटीत बसून तिकडं गेलेला माल, परत आणायचा तर भाडंच मालाइतकं. शेटनी दुपारचं जेवण घेतलं नाही, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी मलाच खावी लागली (ह्या संकटात तेवढं एक बरं झालं). संध्याकाळी पोरीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "पप्पा, सेट असाइड म्हणजे सेव्ह करणे, आमच्या धड्यात आजी पैसे सेट असाइड करते." ख्रिसमसच्या विक्रीसाठी बाईनं माल जपून बाजूला ठेवला होता. आता मला सांगा, कोर्टानं बाजूला ठेवलं की मेलं आणि आजीनं बाजूला ठेवलं की वाचलं, शब्द तोच, ह्याला भाषा म्हणायचं का?

पण खरी मजा तिसऱ्या मेलला आली. तक्रारीचा होता. डार्क ग्रेचा रंग पाण्यात सुटायलाय, द डाय हॅज नॉट सेट, आणि बदली माल मागवण्यात इट हॅज सेट अस बॅक अ फेअर बिट. आता मी शहाणा झालो होतो, शेटकडं न जाता आधी डाईंगच्या मास्तरांकडं गेलो. मास्तर साठीचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, बिहारच्या पोरांशी हिंदी, आणि इंग्रजी म्हणाल तर फास्टनेस (म्हणजे रंगाचा पक्केपणा) हा एकच शब्द, पण तो असा म्हणतात की ऐकणारा उठून उभा राहावा.

मी म्हणलं, मास्तर, बाई म्हणतीय डाय सेट नाही झाला.

"रंग बसला नाही," मास्तर म्हणले, "बरोबर हाय तिचं." आणि मग मला हौदाजवळ उभं करून सगळं सांगितलं. की आधी मीठ पडतं, मीठ रंगाला पाण्यातून सुतापाशी आणतं, पण नुसतं आणतं, बसवत नाही. बसवतो तो सोडा. सोडा पडला की रंग सुताला धरतो, मग तुम्ही उकळा नाहीतर आपटा. आणि जो बसला नाही तो साबणाच्या पाण्यात धुवून काढायचा असतो, नाहीतर तो गिऱ्हाईकाच्या बाथरूममध्ये निघतो. त्या पाळीला सोडा कमी पडला होता, पोरगं मोबाईलवर होतं, मास्तरांना माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"आणि मास्तर, पुढं म्हणतीय सेट अस बॅक."

"पैशाचं काय हाय का त्यात?"

"हो, बरेच पैसे गेले असं काहीतरी."

"मग बदली माल महागात बसला तिला. त्यात काय."

मी तिथंच उभा. रंग बसला नाही, माल महागात बसला. तिकडं दोन्हीकडं सेट, इकडं दोन्हीकडं बसला. ज्या माणसाला ए बी सी डी येत नाही त्यानं अर्ध्या मिनिटात, ते पण हातात डायची बादली घेऊन.

मग माझं डोकं सुटलंच. परत जाताना स्कूटरवर अशोक चौकापर्यंत मी एकटाच बडबडत होतो, हाडवैद्य हाड बसवतो, तिकडं डॉक्टर बोन सेट करतो, आपल्याकडं कवितेला चाल बसवतात, ते सेट टू म्युझिक करतात, अंगठीत खडा बसवतात, ते पण सेटच करतात, दाराची चौकट बसवायची, घडी बसवायची, आणि सिग्नल सुटला तरी मी उभाच, मागून रिक्षावाला ओरडला, "ए भाऊ, बसला का काय तिथंच?"

हो ना. तोच तर विषय चाललेला.

रात्री इंटरनेटवर बसलो (बघा परत). तर निघालं असं की मास्तर शंभर टक्के बरोबर. इंग्रजीतला सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे मुळात बसवणे, एकाच घरातले, जुन्या इंग्रजीत हा सेट्टन होता. आपण बसणे ला एक व घालून बसवणे करतो, त्यांनी आतला स्वर फिरवून तेच काम केलं. शिवाय सिटचा भूतकाळ सॅट होतो पण सेटचा भूतकाळ सेटच, म्हणजे काम झालंय का व्हायचंय ते पण आपणच ओळखायचं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ह्या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. चारशे तीस! आमच्या कारखान्यात तेवढी माणसं नाहीत. आणि आता म्हणे त्याला पण रननं मागं टाकलंय, रनचे ६४५ अर्थ निघाले आणि ते लावायला एका संपादकाला नऊ महिने लागले. नऊ महिन्यात लोकांना मूल होतं, ह्याला रन झाला.

आणखी एक गंमत, आमचा सहा टॉवेलांचा जो सेट असतो ना, तो ह्या घराण्यातला नाहीच. तो लॅटिनवरून फ्रेंचमार्गे आला, पंथाला जो सेक्ट म्हणतात त्याचा भाऊबंद. आडनाव एक, भाऊकी वेगळी. म्हणजे बाई जेव्हा लिहिते की प्लीज सेट असाइड वन सेट, तेव्हा त्या वाक्यात दोन वेगळ्या गावचे सेट शेजारी बसलेले असतात आणि एकमेकांना ओळखत पण नाहीत. शेट आणि त्यांचे भाऊ बसतात तसे, लग्नकार्यात.

हे सगळं मी उत्साहानं बायकोला सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "मग सूर्य सेट होतो तेव्हा कोण त्याला बसवतं?" मी म्हणलं तो मावळतो. "आणि टेबल सेट करतात ते?" पानं मांडतात. "मग कुठं बसलं तुमचं?" मी गप्प. तिनं पुढं ऐकवलं की एवढं इंग्रजीला नावं ठेवताय तर आपलं लागणे बघा, भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, अक्कलकोटच्या एसटीत तुम्हाला गाडी लागते, आणि तुम्ही बोललात की मला लागतं. त्या बाईनं हे शिकायचं ठरवलं तर काय करावं तिनं?

हे मला लागलं.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. त्याचं वेगळंच. त्यानं प्राध्यापकीची सेट परीक्षा काढून चार वर्षं झाली, तासिका तत्त्वावर शिकवतोय, आणि सासूबाई येईल त्याला सांगतात, पोरगा सेट झालाय पण अजून सेट नाही झाला. ह्यावर ऑक्सफर्डवाल्यांनी ४३१ वा अर्थ घ्यायला हरकत नाही.

असो. बदली लॉट मास्तरांनी स्वतः उभं राहून काढला, सोडा स्वतः तोलून टाकला, पांढऱ्या फडक्यावर घासून घासून बघितला. मी बाईला मेल केला आणि मास्तरांच्या थिअरीच्या जोशात लिहून बसलो, मॅडम, धिस टाईम द कलर हॅज सॅट. बाईचं उत्तर आलं, सॅट व्हेअर? पुढं एक हसरा चेहरा. मग तिनं व्हिडिओ कॉलच लावू म्हणली, रंगाची ट्रायल समोर दाखवा.

कॉलला शेट इस्त्रीचा शर्ट घालून आले. मास्तर मागं ओला टॉवेल घेऊन उभे, त्यांनी कॅमेऱ्यासमोर टॉवेल पिळला, पाणी स्वच्छ निघालं, आणि मास्तर मोठ्यानं म्हणले, "फास्टनेस!" बाईनं टाळ्या वाजवल्या. मग तारखा, पॅकिंग, कंटेनर सगळं ठरलं, मी प्रत्येक वाक्याला येस मॅडम म्हणत होतो. शेवटी बाई वही मिटत हसून म्हणली, "सो, आर वी ऑल सेट?"

मी म्यूट दाबून शेटकडं बघितलं. अर्थ मला माहीत होता हो, पण आत्तापर्यंतचा अनुभव बघता एकदा विचारलेलं बरं.

"शेट, बाई विचारतीय, ऑल सेट का म्हणून."

शेटचा चेहरा पडला. त्यांनी भिंतीकडं बघितलं.

"सगळे शेट कुठले आता," ते म्हणले, "मी एकटाच हाय म्हणून सांग. ते दोघं वेगळे झाले."

मी म्यूट काढला.

"येस मॅडम," मी म्हणलो, "ओन्ली वन."