त्या रात्री तिने काय खाल्लं?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून पश्चिमेला निघालेली लोकल क्लाइडबँक गावात एका स्टेशनावर थांबते, त्याचं नाव ‘सिंगर’. हो, शिलाई मशीनवालं सिंगर. कारखाना १९८० साली बंद पडला, त्याचं अवाढव्य घड्याळ त्याच्याही आधी गेलं, स्टेशनाचं नाव तेवढं राहिलं. माझ्या आजीच्या मशीनवरचा नंबर ‘वाय’ अक्षराने सुरू व्हायचा. त्या अक्षराची मशीनं याच कारखान्यातून निघत, हे मला इथे येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. आजी त्याला ‘शिंगर’ म्हणायची आणि आम्हा पोरांना पायडल मारू द्यायची नाही.

लेक इथल्या शाळेत सहावीत आहे. या वयात मुलांना दुसरं महायुद्ध शिकवतात. वर्गात एक टोपली भरून पातळ पातळ कादंबऱ्या ठेवल्या होत्या, त्यांतल्या काही याच गोदीगावच्या, क्लाइडबँकच्या. लेक झोपल्यावर मीही वाचल्या. साचा ठरलेला: बाबा गोदीत रिव्हेट मारणारे, थोरली बहीण सिंगरमध्ये, धाकटा भाऊ गॅसचा मुखवटा सारखा विसरणारा, आणि १३ मार्च १९४१ची रात्र. अधूनमधून भाबड्याही वाटल्या. पण मी मिटून ठेवू शकले नाही, कारण त्यांत चाळ होती.

इथे तिला टेनमेंट म्हणतात. एका जिन्याला सात-आठ बिऱ्हाडं, जिन्याच्या वळणावर सामायिक संडास, तळमजल्यावरून आरपार जाणारा बोळ. त्या बोळाला ‘क्लोज’ म्हणतात. युद्धात या बोळांना आतून टेकू दिले, तोंडाशी विटांची आडभिंत बांधली आणि तोच आसरा ठरला. भोंगा वाजला की सगळी बिऱ्हाडं खाली. कुणाच्या हातात बाळ, कुणाच्या हातात विम्याचे कागद, एका म्हातारीच्या हातात उकळता चहा. हे वाचताना मला गिरगाव, घोडपदेव, लालबाग सगळं एकदम दिसलं.

१३ मार्च ही फाल्गुनातली पौर्णिमा. कोकणात शिमग्याचे दिवस, आणि इथे लख्ख चांदण्यात क्लाइड नदी जर्मन वैमानिकांना रस्त्यासारखी दिसत होती. रात्री नऊच्या सुमाराला सुरू झालेला बॉम्बवर्षाव पहाटेपर्यंत चालला आणि दुसऱ्या रात्री पुन्हा. सिंगरच्या लाकडाच्या वखारीने पेट घेतला, नौदलाच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. दुरुस्तीला आलेली ‘पिओरुन’ नावाची पोलिश विनाशिका गोदीतूनच तोफा डागत राहिली. ‘क्वीन मेरी’ जिथे बांधली त्या जॉन ब्राउनच्या गोदीचं त्या मानाने फार बिघडलं नाही. बिघडलं ते गावाचं. सुमारे १२,००० घरांपैकी धड राहिलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ५२८ माणसं गेली, ३५,००० बेघर झाली. शवपेट्या कमी पडल्या, म्हणून ओळख न पटलेल्यांना चादरीत गुंडाळून डालनॉटरच्या दफनभूमीत एकत्र पुरलं.

हे सगळं दहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात आहे, चादरींसकट.

आता घरच्या वादाकडे येते. २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासननिर्णयावरून आमचा कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तापला होता. २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला, विजयाचे गुलाल उधळून झाले, आणि मग आमच्या आतेभावाने खरा प्रश्न टाकला: “ठीक आहे, मराठी वाचवली. आता पोरांना वाचायला काय देताय?” दोन तट पडले. एकाचं म्हणणं, इतिहास द्या, म्हणजे गड, स्वाऱ्या, तलवारी. दुसऱ्याचं म्हणणं, लहान वयात रक्तपात नको, गमतीजमती द्या. वहिनीने दिवाळीत सोसायटीत केलेल्या किल्ल्याचा फोटो टाकला आणि विषय त्यावर गेला.

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. परदेशात राहणाऱ्याने घरच्या वादात तोंड घातलं की “तुला तिथे बसून बोलायला काय जातं” हे ठरलेलं असतं, आणि ते निम्मं खरंही असतं. पण या टोपलीनंतर माझं मत बनलं आहे, ते इथे मांडते. दोन्ही तट एकाच जागी चुकतात. मूल घाबरतं ते मरणाला नव्हे. गोष्टीत स्वयंपाकघर नसलं की घाबरतं, नाहीतर कंटाळतं. आमच्या लहानपणच्या ऐतिहासिक गोष्टींत घोडे भरपूर होते, पण घोड्याला चंदी कोण घालतं, वेढा पडल्यावर गडावरची बाई चूल कशावर पेटवते, तिचं पोर कशाशी खेळतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. किल्ला करताना शेतकरी, गवळण, पाणी भरणारी बाई अशी चित्रं आपण हौसेने मांडतो. गोष्टीत मात्र ती माणसं महाराजांच्या स्वारीला रस्ता देऊन उभी असतात, बस.

आणि आपल्याकडे तर आपली स्वतःची गोदी आहे! १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज निघालं होतं बर्कनहेडहून, म्हणजे इंग्लंडातल्या अशाच एका जहाजबांधणीच्या गावाहून. पोटात दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर कापसाच्या गासड्या चढवल्या. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस! दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. मांडवी, मशीद बंदर जळत राहिलं. विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच आठवणीत पाळला जातो.

आजी तेव्हा अकरा वर्षांची, माझगावच्या चाळीत. तिच्या तोंडून मी हे तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. फळीवरची भांडी एकदम खाली आली. आभाळातून जळता कापूस पडत होता आणि पोरं आधी तो बघायला गच्चीवर धावली, मग ओरडत खाली. जपानी आले, असं सगळे म्हणत होते. चाळ रिकामी करून माणसं चालत दादरकडे निघाली. आजीच्या कडेवर धाकटा भाऊ आणि हातात पितळी डबा. त्या डब्यात काय होतं ते तिने दर वेळी वेगळं सांगितलं. सोन्याची वीट कुणाच्या तरी घराचं छप्पर फोडून पडली, ही गोष्ट मात्र ती न बदलता सांगायची, आणि ती खरी आहे.

आणखी एक साम्य आहे. क्लाइडबँकचं नाव सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलंच नाही, ‘पश्चिम स्कॉटलंड’ एवढंच. साऱ्या क्लाइडकाठी मिळून पाचशेच्या आसपास माणसं गेली असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा “कुठल्या गल्लीत?” असं एकाने विचारल्याचं इथे अजून सांगतात. आणि मुंबई स्फोटाची पहिली बातमी जगाला दिली ती जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने. आपल्या छापखान्यांना पुढे महिनाभर गप्प बसावं लागलं. सरकार तेच होतं, सवयही तीच.

म्हणून इथलं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. या टोपलीतही भोकं आहेत. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लाइडवरच्या शिकाऊ पोरांनी पगारासाठी संप केला होता. पंधरा-सोळा वर्षांची पोरं! मुलांच्या कादंबरीला याहून चांगला नायक कुठला? पण मी वाचलेल्या पुस्तकांत सगळा गाव एकदिलाने हसतमुख लढतो, संपाचं नाव नाही. दुसरं भोक माझ्या जास्त जिव्हारी लागलं. या गोद्यांत बांधलेली जहाजं चालवायला माणसं कुठून यायची? डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, वाढप्यांत गोंयकार. युद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरच्या सुमारे ६,००० भारतीय खलाश्यांची स्मृती मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात जपली आहे. ती नावं पुस्तकात आहेत, दगडावर नाहीत. टोपलीतल्या एकाही गोष्टीत जिन्यावरून असा माणूस जात नाही.

आणि एक गोष्ट आतेभावाच्या बाजूने सांगायलाच हवी. इथल्यांना हे लिहिणं सोपं आहे. बॉम्ब टाकणारा परका होता, दूर राहायचा, युद्ध ते जिंकले. आपल्याकडे शंभर, तीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीतलीही दोन्ही बाजूंची माणसं अजून एकाच जिन्यावर राहतात. तिथे लेखकाचा हात अडखळतो, ते मला समजतं. पण गोदीच्या स्फोटाचं तसं नाही. त्यात कुणाची अस्मिता दुखावत नाही, दुखावला तर कापसाच्या गासड्या चढवणाऱ्याचा हिशेब दुखावेल.

शेवटी लेकीला शाळेने स्वतःची गोष्ट लिहायला सांगितली. तिने क्लाइडबँक सोडून पणजीची मुंबई घेतली. पहिला मसुदा सगळा स्फोटांचा, उद्गारचिन्हांचा. बाईंनी समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहून वही परत दिली: त्या रात्री तिने काय खाल्लं?

मला उत्तर येईना. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. मग डोंबिवलीला आत्याला फोन लावला, तिथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. “अगं, दादरला रस्त्यात कुणीतरी पोरांना चणे-कुरमुरे वाटत होतं, ते,” आत्या म्हणाली. मागून काकांचा झोपेतला आवाज आला, “चणे नाही गं, शेंगदाणे. आई शेंगदाणे म्हणायची.” दोघांचं बराच वेळ जुंपलं. लेकीने फोन स्पीकरवर ठेवला आणि दोन्ही लिहून घेतलं.